मोठ्या गोळीची दंतकथा

रहस्यकथांमधील एक प्रसंग आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे : गोळी लागते आणि माणूस चार हात मागे फेकला जातो. बंदुकीची नळी जितकी रुंद तितका माणूस दूर उडतो, हा त्यामागचा समज. चित्रपटांनी तो इतका दृढ केला आहे की त्याची शहानिशा करावी असे कोणास वाटत नाही.

वस्तुतः त्यासाठी न्यूटनचा तिसरा नियम पुरेसा आहे. गोळी झाडणाऱ्याच्या हाताला जेवढा धक्का बसतो, त्याहून अधिक धक्का ती समोरच्याला देऊ शकत नाही. पॉइंट ४५ कॅलिबरच्या, म्हणजे सुमारे ११.४ मिलिमीटर व्यासाच्या, पिस्तुलाच्या गोळीचे वजन साधारण १५ ग्रॅम आणि वेग सेकंदाला सुमारे २५० मीटर असतो. ती ७० किलोच्या देहात रुतून राहिली, तरी त्या देहाला मिळणारा वेग सेकंदाला जेमतेम ५ सेंटिमीटर. माणूस कोसळतो तो मेंदूला वा मज्जारज्जूला इजा झाल्याने किंवा रक्तस्रावाने. गोळी कोठे लागली आणि किती खोल गेली, हे निर्णायक असते. एफबीआयच्या १९८९ च्या अहवालाचा निष्कर्षही हाच होता.

मग ही दंतकथा रुजली कशी? तिचे एक मूळ फिलिपाइन्समध्ये सापडते. तेथील मोरो योद्धे पॉइंट ३८ च्या गोळ्या लागूनही पुढे येत राहतात, अशी अमेरिकी सैनिकांची तक्रार होती. १९०४ मध्ये शिकागोच्या कत्तलखान्यांतील गुरांवर आणि मानवी शवांवर चाचण्या झाल्या, मोठ्या गोळीची शिफारस झाली आणि १९११ मध्ये पॉइंट ४५ चे पिस्तूल सैन्यात दाखल झाले. ‘न पडणारा रानटी’ या प्रतिमेला अशा रीतीने शास्त्राचा आधार लाभला. मात्र १९०६ मध्ये बुड दाजोच्या डोंगरावर याच मोरोंपैकी शेकडो जण, स्त्रिया व मुलांसह, मारले गेले, हे त्या आख्यायिकेत सहसा येत नाही.

ही भाषा आपल्यालाही परकी नाही. कलकत्त्याजवळच्या डमडम येथे, वायव्य सरहद्दीवरील टोळ्यांसाठी, देहात शिरून पसरणारी गोळी तयार झाली. १८९९ च्या हेग परिषदेत ब्रिटिश प्रतिनिधी जॉन आर्डा यांनी तिचे समर्थन करताना युक्तिवाद केला तो असा, की सुसंस्कृत सैनिक जखमी होताच थांबतो, रानटी माणूस थांबत नाही.

म्हणजे ‘मोठ्या गोळीची ताकद’ ही पदार्थविज्ञानातील संज्ञा नसून एक कथनरूढी आहे. प्रतिपक्षाचे माणूसपण वजा केल्याशिवाय ती उभी राहत नाही. वासाहतिक गद्य वर्गात शिकवताना आपण विशेषणे तपासतो. आता क्रियापदेही तपासावीत. ‘फेकला गेला’ असे लिहिताच वाचकाची नजर जखमेवरून शस्त्राच्या पराक्रमाकडे वळते. मरणाऱ्या माणसाकडे पाहणे टळते, ते तेथेच.