विनाथांबा

जळगावहून धुळ्याला जाण्याचा सरळ मार्ग महामार्गाचा. एरंडोल, पारोळा मागे टाकीत सुमारे ९० किलोमीटर. विनाथांबा गाडी मिळाली तर दोन तासांच्या आसपास माणूस धुळ्यात उतरतो. दुसरा मार्ग रेल्वेचा. पाचोऱ्यावरून चाळीसगाव, तेथे गाडी बदलायची, आणि मग जामदा, शिरूड, बोरविहीर अशी लहान स्थानके घेत धुळे. हे अंतर दीडशे किलोमीटरच्या घरात जाते. शिवाय चाळीसगावला धुळ्याची गाडी चुकली तर फलाटावर किती वेळ काढावा लागेल, याचा हिशेब नाही. तरीही दिवस मोकळा असेल तेव्हा मी हा दुसरा मार्ग घेतो.

त्याचे समर्थन करताना संथपणाचे स्तोत्र गाण्याचा मोह होतो. तो टाळलेला बरा. ज्याला धुळ्याच्या न्यायालयात अकराच्या आत हजर व्हायचे आहे, किंवा रुग्णाला घेऊन इस्पितळ गाठायचे आहे, त्याला फलाटावरच्या चहाचे माहात्म्य सांगणे हा निव्वळ उद्धटपणा होय. रमतगमत जाणे ही बहुधा ज्याची कोणी वाट पाहत नाही अशा माणसाची चैन असते. (प्रस्तुत लेखक त्याला अपवाद नाही.)

माझा आक्षेप वेगाला नाही, 'विनाथांबा' या शब्दामागच्या दृष्टीला आहे. तिच्या लेखी मधले गाव म्हणजे खोळंबा. शिरूडला उतरणाऱ्याचा मात्र प्रवास तिथे संपतो. ते त्याचे घर असते. सोय कोणाची, हे केवळ दोन टोकांच्या प्रवाशांची डोकी मोजून ठरू लागले, की सर्व थांबे घेणारी गाडी तोट्याची दिसणारच.

खानदेशाच्या साहित्याकडेही आपण असेच पाहत आलो आहोत. बहिणाबाई, साने गुरुजी, नेमाडे ही नावे घेतली की प्रदेश उरकला. पण बहिणाबाईंचे माहेर असोदे, नेमाड्यांचे गाव यावल तालुक्यातले सांगवी. साने गुरुजींची शिक्षकी अमळनेरची. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली ती दर रविवारी एक अध्याय अशी, अठरा आठवडे. गुरुजींनी ती उतरून घेतली म्हणून पुस्तक हाती आले. त्या अठरा रविवारांतला एकही गाळता आला नसता.

आणि चाळीसगाव? तेथे स्थानकाजवळच केकी मूस राहत. लंडनला शिकून आलेला हा छायाचित्रकार १९८९ साली मृत्यू येईपर्यंतची कित्येक दशके त्या घराबाहेर जवळजवळ पडलाच नाही. टेबलावर चार वस्तू मांडून त्याने हिमाच्छादित देखावे उभे केले. पंजाब मेलने येणाऱ्या प्रेयसीची तो वाट पाहत असे, अशी एक आख्यायिका सांगतात. मला ती फारशी आवडत नाही, कारण तिच्यामुळे माणसाच्या कामापेक्षा त्याची प्रतीक्षाच लोकांना अधिक लक्षात राहते. त्याच्या घराचे आता कलादालन झाले आहे.

घाईच्या माणसाने महामार्गानेच जावे. मीही अनेकदा तसाच गेलो आहे. मागणी एवढीच, की त्या गाडीसाठी गावोगाव थांबणारी गाडी बंद होऊ नये. चाळीसगावला धुळ्याची गाडी माझी आजवर दोनदा चुकली. दोन्ही वेळा मूस यांची चित्रे सावकाश पाहता आली.