श्रमदानाचा रविवार आणि मातीचा हिशेब

२२ जुलै २०२३ रोजी सातपुड्यातून उतरलेल्या पाण्याने बुलढाणा जिल्ह्यातील जळगाव जामोद आणि संग्रामपूर या तालुक्यांवर जो घाला घातला, त्यात उभी पिके गेली, घरे खचली, संसार वाहून गेले. या नुकसानीची चर्चा झाली आणि ती होणे योग्यच होते. परंतु त्याहून मोठे नुकसान चर्चेत मागे पडले. नदी-नाल्यांकाठची जमीन खरडून गेली. काळ्या मातीच्या जागी वाळू आणि दगडगोटे उरले. पीक जाते तेव्हा शेतकऱ्याचा एक हंगाम जातो. माती जाते तेव्हा त्याचे भांडवलच जाते, आणि त्या शेतावर खुरपणी-वेचणी करणाऱ्या भूमिहीनाची मजुरीही त्याबरोबर जाते.

अशा प्रत्येक आपत्तीनंतर एक दृश्य हमखास दिसते. बँका, शाळा, सरकारी कचेऱ्या, कारखाने यांतील सहकारी एकत्र येतात, एका दिवसाचा पगार देतात, रविवारी वाहन करून आपद्ग्रस्त गावात उतरतात आणि चिखल उपसतात, दगड वेचतात, बांध घालतात. या भावनेची टवाळी करण्याचे काहीच कारण नाही. १९४१ साली स्थापन झालेल्या राष्ट्र सेवा दलाने महाराष्ट्रातील तरुणांच्या हाती कुदळ-फावडे दिले ते याच भावनेने. समाजवादी चळवळीच्या दोन पिढ्या श्रमशिबिरांत घडल्या. म्हणूनच श्रमदानाने काय साधते आणि काय साधत नाही, हे स्पष्टपणे सांगण्याची जबाबदारी या चळवळीवर इतरांपेक्षा अधिक आहे.

हिशेब साधा आहे. एक हेक्टर म्हणजे १०,००० चौरस मीटर. त्यावरील केवळ अर्धा फूट मातीचा थर गेला असे धरले, तरी १,५०० घनमीटर माती पुन्हा आणून पसरावी लागेल. सरावलेला मजूर दिवसाला २ घनमीटर माती खणून भरतो असे मानले, तर एका हेक्टरला नुसत्या खोदाईचे ७५० मनुष्यदिवस लागतात. कचेरीतले ५० सहकारी रविवारी आले आणि दिवसभर सरावलेल्या मजुराइतकेच राबले, तर एका हेक्टरसाठी त्यांना १५ रविवार यावे लागेल. बाधित जमीन मात्र एक हेक्टर नसते. ती गावेच्या गावे व्यापून असते. तेव्हा श्रमदानाने खरडलेली जमीन पुन्हा उभी राहील असे जो सांगतो, तो स्वतःची तरी फसवणूक करतो किंवा शेतकऱ्याची तरी.

आता शासनाचा हिशेब पाहावा. २०२३ साली लागू असलेल्या आपत्ती मदतीच्या निकषांत शेतातील वाळू-गाळ काढण्यासाठी हेक्टरी १८,००० रुपये आणि जमीनच वाहून गेल्यास ४७,००० रुपये असा दर होता. तोही अल्प व अत्यल्प भूधारकांपुरता. १,५०० घनमीटर माती म्हणजे सुमारे ५३० ब्रास. ४७,००० रुपयांना ५३० ने भागले की ब्रासला ८९ रुपये पडतात. या ८९ रुपयांत माती खणायची, ट्रॉलीत भरायची, डिझेल जाळून आणायची आणि शेतात पसरायची! हा दर ज्यांनी ठरवला, त्यांनी ट्रॉलीभर माती कधी विकत घेतली नसावी.

हा दर अपुरा आहे, हे शासनानेच पुढे अप्रत्यक्षपणे मान्य केले. ऑक्टोबर २०२५ मध्ये राज्यातील अतिवृष्टीनंतर ३१,६२८ कोटी रुपयांचे जे पॅकेज जाहीर झाले, त्यात खरडलेल्या जमिनीसाठी ४७,००० रुपये रोख आणि त्याखेरीज रोजगार हमीतून हेक्टरी ३ लाख रुपयांपर्यंतची कामे, असा उल्लेख होता. ७५० मनुष्यदिवसांना २०२५-२६ च्या ३१२ रुपये मजुरीने गुणले, तर २,३४,००० रुपये होतात. म्हणजे ३ लाखांचा आकडा उधळपट्टीचा नाही. तो मातीच्या खऱ्या किमतीच्या जवळ जाणारा आहे. मग जो आकडा २०२५ मध्ये न्याय्य ठरला, तो २०२३ च्या संग्रामपूरला का लागू नसावा? दोन वर्षे आधी वाहून गेली म्हणून माती स्वस्त होते काय?

येथे कोणी मोताळा तालुक्यातील सिंदखेडचे उदाहरण देईल. या गावाने २०१८ च्या वॉटर कप स्पर्धेत श्रमदानाच्या बळावर राज्यात दुसऱ्या क्रमांकाचा मान मिळवला. ते यश निर्विवाद आहे. पण त्याचा अर्थ नीट लावला पाहिजे. ती स्पर्धा ४५ दिवसांची होती आणि ते दिवस गावाने स्वतः दिले. काम कोठे, कसे आणि किती करायचे हे गावाने ठरवले. एक दिवस आलेले पाहुणे त्या निर्णयाला हातभार लावून गेले. दुष्काळाशी झुंजणाऱ्या गावाला तयारीला वेळ असतो. पुराने एका रात्रीत ओरबाडलेल्या गावात मात्र चूल पेटण्याची भ्रांत असते. तेथे श्रमदानाचा आग्रह धरणे म्हणजे जखमी माणसाकडून त्याच्याच खाटेचे ओझे वाहून घेणे होय.

३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतरही राज्यभरातून स्वयंसेवक धावले. ढिगारे उपसले गेले, जखमींची शुश्रूषा झाली. परंतु ५२ गावांचे स्थलांतर आणि घरबांधणी हे काम शासनाची तिजोरी उघडल्यावाचून झाले नसते. त्याच वेळी राष्ट्र सेवा दलाने नळदुर्गला अनाथ मुलांसाठी ‘आपलं घर’ उभे केले. ते टिकले, कारण ते एका रविवारचे काम नव्हते. स्वयंसेवेचे खरे क्षेत्र हेच आहे: जेथे सातत्य आणि माया लागते तेथे तिने उभे राहावे, जेथे लाखो घनमीटर माती लागते तेथे शासनाला उभे करावे.

शासनाला माती हलवता येत नाही असे तर मुळीच नाही. राष्ट्रीय महामार्गांच्या भरावासाठी तलाव, नदी-नाले खोल करून माती-मुरूम उचलण्याचा प्रयोग याच जिल्ह्यात झाला आणि ‘बुलढाणा पॅटर्न’ म्हणून देशभर गाजला. रस्त्याला माती हवी होती तेव्हा यंत्रे आली, निधी आला, परवानग्याही आल्या. शेताला माती हवी असते तेव्हा मात्र स्वयंसेवकांना आवाहन केले जाते. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ या २०१७ च्या योजनेतही गाळ शेतापर्यंत वाहून नेण्याचा खर्च शेतकऱ्याच्याच माथी आला. प्रश्न क्षमतेचा नाही, अग्रक्रमाचा आहे.

पगारदार सहकाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. त्यांचे श्रमदान रविवारी सुरू होत नाही. ते दर महिन्याच्या पगारपत्रकात आधीच नोंदलेले असते. १९७२-७३ च्या दुष्काळात सुमारे ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर राबली. त्या अनुभवातून रोजगार हमी योजना आकाराला आली आणि तिच्या खर्चासाठी १९७५ साली व्यवसाय कर बसवण्यात आला. वर्षाला २,५०० रुपयांपर्यंत जो कर पगारातून कापला जातो, तो मूळचा खेड्यातील मजुराच्या हातातील कामासाठी आहे. शहरातील वेतन आणि गावातील मजुरी यांना कायद्याने जोडणारा असा धागा दुसऱ्या राज्याने त्या काळी विणला नव्हता. त्या कराचा हिशेब मागणे हे फावडे उचलण्याइतकेच, किंबहुना अधिक मोलाचे श्रमदान आहे.

हा हिशेब मागण्याची घाईही आहे. संसदेने डिसेंबर २०२५ मध्ये संमत केलेल्या नव्या ग्रामीण रोजगार कायद्यात १२५ दिवसांचा आकडा ठळक आहे. पण त्यात खर्चाचा ४० टक्के भार महाराष्ट्रासारख्या राज्यांवर टाकलेला आहे, आणि केंद्राने ठरवलेल्या मर्यादेपलीकडचा सारा खर्चही राज्याचाच. ज्या हक्काला आधीच मर्यादा घातली आहे, तो आपत्तीच्या वर्षी, म्हणजे नेमका गरजेच्या वेळी, अपुरा पडणार. ‘मागेल त्याला काम’ याचे ‘परवडेल तेवढे काम’ होऊ द्यायचे काय, हा आजचा प्रश्न आहे.

कार्यकर्त्यांनी म्हणून शिबिरे बंद करू नयेत. त्यांचे स्वरूप बदलावे. गावात जाणाऱ्या प्रत्येक पथकाने फावड्याबरोबर मोजपट्टी न्यावी. कोणत्या गटाची किती माती गेली, पंचनाम्यात किती लिहिली गेली आणि मदत किती मिळाली, याची नोंद ग्रामसभेत वाचावी. काम मागणीचे अर्ज भूमिहीनांकडून भरून घ्यावेत आणि त्यांची पोच हाती घेतल्याशिवाय उठू नये. ज्या कामाला मजुरी मिळू शकते ते काम फुकट करून मजुराच्या पोटावर पाय आणू नये. दया दात्याच्या सवडीने येते. हक्क ठरल्या दिवशी वसूल करता येतो. रविवारचे श्रमदान सोमवारी तहसील कचेरीच्या दारात पोहोचले, तरच खरडलेल्या शेतात माती पडेल.