सीडी दुसऱ्या ड्राइव्हवर तपासूनच द्या

रहिमतपूरचा रुग्ण साताऱ्यात सीटी स्कॅन करून सीडी घेऊन पुण्याच्या डॉक्टरांकडे जातो आणि तिथे ती उघडतच नाही. मग पुन्हा स्कॅन, पुन्हा खर्च आणि अंगावर पुन्हा क्ष-किरण.

सीडी लिहिताना लेसरच्या उष्णतेने तिच्या रंगद्रव्याच्या थरावर खुणा उमटतात. वाचताना लेसर बराच सौम्य असतो. ड्राइव्हचे भिंग मळले किंवा किंचित सरकले, तर खुणा नीट उमटत नाहीत. अशी सीडी तोच ड्राइव्ह कदाचित वाचतो, दुसरा वाचेलच असे नाही. घरी लिहिण्या-वाचण्याला एकच ड्राइव्ह पुरे. स्कॅन केंद्राने मात्र एकावर लिहावे, दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावे, मगच सीडी द्यावी. रुग्णानेही ‘उघडून पाहिली का?’ असे विचारावे.