सौर पापुद्रा सादळू नये म्हणून

श्रावणात डब्याचे झाकण उघडे राहिले की पापड सादळतो. तो चुलीवर भाजून तरी खाता येतो. पण उन्हापासून वीज करणारा एक नवा पदार्थ आहे, तो पुरता सादळला की कामातून गेला. त्याचे नाव पेरोव्हस्काइट.

नाव अवघड असले तरी जुने आहे. 1839 साली गुस्ताव्ह रोझ या जर्मन शास्त्रज्ञाने रशियातील उरल पर्वतातले एक खनिज ओळखले आणि पेरोव्हस्की नावाच्या रशियन अधिकाऱ्यावरून त्याला हे नाव दिले. त्याच घडणीचे स्फटिक आता शिसे, आयोडीन वगैरेंपासून प्रयोगशाळेत करतात. 2009 साली जपानच्या त्सुतोमू मियासाका यांनी त्यातून वीज काढली, तेव्हा उन्हाच्या शेकड्यात 3.8 भागच हाती लागला. आज लहान तुकड्यावर हा आकडा 26 च्या पुढे गेला आहे.

याचे आम्हाला एवढे अगत्य का? नेहमीचे काचेचे सौर पॅनेल चौरस मीटरला दहा-बारा किलो भरते. आमच्या वस्त्यांतले पत्रे गड्याचा पाय पडला तरी वाकतात, तिथे काच कोण चढवणार! पेरोव्हस्काइटचा थर केसाच्या शंभराव्या भागाएवढा. तो शाईसारखा प्लास्टिकवर पसरता येतो आणि त्याची गुंडाळी होते. कमकुवत छपरांची अडचण जपानलाही आहे. 2025 च्या ओसाका प्रदर्शनात बसस्थानकाच्या सुमारे 250 मीटर लांब छपरावर सेकिसुई केमिकल कंपनीचे असे पापुद्रे बसवले होते.

खरी गोम ओलीची आहे. पाण्याची वाफ स्फटिकात शिरते. थोडी असेल तर वाळल्यावर तो सावरतो, जास्त झाली की फुटतो. काळपट तपकिरी थर पिवळा पडू लागतो. ते पिवळे म्हणजे सुटे झालेले शिशाचे आयोडाइड. त्यातून वीज मिळत नाही.

काच वाफेला दाद देत नाही, प्लास्टिक देते. साध्या पॉलिएस्टरच्या पापुद्र्यातून दिवसाला चौरस मीटरमागे काही ग्रॅम वाफ आत जाते. या पदार्थाला ग्रॅमचा हजारावा भागही जड! म्हणून प्लास्टिकवर ॲल्युमिनियम ऑक्साइडचा अतिशय बारीक थर चढवतात. हा थर चिनी मातीच्या बशीसारखा, गुंडाळी जास्त वाकवली की तडकणारा. त्यावर तोड अशी की एक कडक थर, एक मऊ थर, पुन्हा कडक थर, अशी चळत रचायची. एका थराची चीर दुसऱ्याच्या चिरेसमोर क्वचितच येते आणि वाफेला लांबचा वळसा पडतो.

तरी कडा राहतातच. पत्र्याचे घर गळते ते पत्र्यातून थोडेच? खिळ्याच्या भोकातून आणि जोडातून गळते. येथेही तसेच. कडेला ब्युटिल रबराची पट्टी लावतात. टायरच्या ट्यूबचे रबर तेच. काचेच्या पॅनेलमध्ये वापरतात तो ईव्हीए नावाचा चिकट थर मात्र येथे घातक, कारण तापला की त्यातून व्हिनेगरमधले आम्ल सुटते.

कसोटीही कडक आहे: 85 अंश उष्णता, 85 टक्के दमटपणा, सलग 1000 तास. म्हणजे जवळजवळ 42 दिवस. काचेच्या पॅनेलला ही परीक्षा द्यावीच लागते. वाकणाऱ्या पापुद्र्याने ती वाकवून झाल्यावरही द्यावी, असे आमचे मत आहे.

शिशाकडे काणाडोळा करू नये. त्याचे प्रमाण थोडे असते, पण फाटलेल्या पापुद्र्यातून ते पावसाच्या पाण्याबरोबर वाहू शकते, आणि पत्र्यावरचे पाणी पिंपात धरणारी घरे आपल्यात पुष्कळ आहेत. शिसे जागीच धरून ठेवणाऱ्या थरांवर संशोधन चालू आहे.

उद्या असा माल आपल्या बाजारात आला, तर विक्रेत्याकडे त्या 1000 तासांच्या परीक्षेचा कागद मागावा आणि निकामी माल परत कोण नेणार हे लेखी घ्यावे. छपराच्या मापात बसावा म्हणून तो कात्रीने कापू नये, खिळा तर मुळीच ठोकू नये. कापली की कडेची रबरपट्टी गेली, आणि पहिल्याच पावसाळ्यात तेथून पिवळेपणा सुरू होईल.