सोवळ्यातली हॉट रॉड

परंपरा जितकी जुनी, तितके तिचे राखणदार कडक. हे फक्त आपल्याकडेच चालतं अशी माझी समजूत होती. पण अमेरिकेत जुन्या फोर्ड गाड्या ठाकठोक करून पळवणाऱ्या शौकिनांतही एक सोवळेकरी पंथ आहे, आणि मला त्याच्याशी भांडायचं आहे. मी स्वतः हॉट रॉड कधी चालवलेली नाही. पण अनुभवाशिवाय मत द्यायचंच नाही असं ठरलं, तर आमच्या बँकेतली मधली सुट्टी काढायची कशी?

आधी मूळ कथा. १९३२ साली हेन्री फोर्डने सामान्य माणसाच्या आवाक्यातल्या गाडीत व्ही-८ इंजिन बसवलं. आठ सिलिंडर, ६५ अश्वशक्ती! पुढे या गाड्या जुन्या झाल्या, स्वस्त झाल्या आणि कॅलिफोर्नियातल्या पोरांच्या हाती लागल्या. पोरांनी मडगार्डं काढून फेकली, टप कापून बुटका केला, मागे मोठी नि पुढे लहान चाकं लावली, एका कार्बोरेटरच्या जागी दोन चढवले आणि म्युरॉकच्या कोरड्या तलावात गाडी पिटाळली. वजन कमी, ताकद जास्त. सगळं शास्त्र एवढंच.

आता या पंथातल्या कडव्या मंडळींचं म्हणणं असं, की रस्त्यावर चालवायला ‘पारंपरिक’ हॉट रॉड बांधायची, तर तिच्यात त्या काळानंतरचा एक स्क्रूही चालायचा नाही. इंजिन तेच जुनं फ्लॅटहेड हवं. या इंजिनात जळक्या वायूचे रस्ते ब्लॉकमधल्या पाण्यातूनच काढलेले आहेत. त्यामुळे चौकात लाल दिव्यापुढे गाडी जरा जास्त वेळ उभी राहिली, की तिचा बंब होतो. तेही मला मान्य आहे. ज्याचा बंब त्याने पेटवावा!

पण ब्रेक? इथे मात्र मी हटणार नाही.

१९३२ च्या फोर्डला सळयांनी ओढायचे ब्रेक होते. फोर्डने तेलाच्या दाबावर चालणारे ब्रेक आणले १९३९ साली. पोरांनी काय केलं? भंगारातल्या नव्या गाडीचे ब्रेक काढून आपल्या जुन्या गाडीला बसवले. ‘आमच्या घराण्यात हे चालत नाही’ असं एकही पोरगं म्हणालं नाही. आज जिला परंपरा म्हणतात, ती त्या दिवशीची सुधारणा होती!

त्या ब्रेकांतही एक खोट आहे. चारही चाकांना मिळून तेलाचा मार्ग एकच. एक नळी फुटली, की चारही चाकं मोकाट. म्हणून १९६७ पासूनच्या अमेरिकन गाड्यांत पुढच्या-मागच्या चाकांचे मार्ग वेगळे केले. असा दुहेरी मास्टर सिलिंडर गाडीच्या तळाखाली बसवला, तर कुणाला दिसतही नाही. पण गाडीखाली उताणा होऊन तो शोधणारा आणि नाक मुरडणारा इसम प्रत्येक जत्रेत असतोच.

कोरड्या तलावात आडवं यायला कुणी नव्हतं. रस्त्यावर शाळा सुटलेली पोरं असतात. हे त्या जुन्या मंडळींनाही कळत होतं. वॉली पार्क्सने १९५१ साली नॅशनल हॉट रॉड असोसिएशन काढली, तीच मुळी शर्यती रस्त्यावरून उचलून नियमांत आणण्यासाठी. सुरक्षितता हासुद्धा परंपरेचाच भाग झाला की नाही?

आणि या सोवळ्याची गंमत बघा. १९३२ च्या घाटाची पोलादी बॉडी आज कोरी करकरीत तयार मिळते. ती आणून वर खोटा गंज रंगवून घेणारेही आहेत. पदरचे पैसे मोजून घसारा विकत घेणारा गृहस्थ मी कॉमर्सच्या एकाही पुस्तकात वाचला नव्हता! म्हणजे गंज खोटा चालतो, पण ब्रेक खरा चालत नाही.

माझं म्हणणं इतकंच. त्या पोरांची गाडी जपा, पण त्यांची सवयही जपा. मिळेल त्यातलं उत्तम ते बसवायचं, ही ती सवय. ज्याला ब्रेकसुद्धा सोवळ्यातलाच हवा, त्याने गाडी देव्हाऱ्यात ठेवावी, रोज एक फूल वाहावं. रस्त्यावर आणू नये. तिथे आमच्यासारखी ओवळी माणसं चालत असतात.