रांगोळी आधी की मोरी?

माझे माहेर लातूरचे आणि सासर नांदेडचे. त्यामुळे मराठवाड्यातल्या या दोन गावांविषयी बोलण्याचा मला दुहेरी अधिकार आहे असे मी मानते, आणि दोन्ही गावांची बोलणी खाण्याचीही तयारी ठेवते. ऐन सणात, फराळाचे ताट पुढे असताना, वाचकांपुढे गटारांचा विषय काढणे शिष्टसंमत नव्हे हे मला कळते. परंतु गटारांचा विषय दिवाळीतच काढायचा असतो, हे मी माझ्या आईकडून शिकले.

आमच्या लातूरच्या घरी दिवाळीची साफसफाई मोरीपासून सुरू होई. आधी मोरी, मग न्हाणीघर, मग चूल आणि फडताळे, मग माळ्यावरची भांडी. ओसरीचा नंबर फार उशिरा लागे, आणि दारातली रांगोळी तर वसुबारसेच्या दिवशी, सगळे आवरल्यावर. एका वर्षी मी गंजातून नव्या रंगांच्या पुड्या आणल्या आणि उतावीळपणाने चार दिवस आधीच दारात ठिपक्यांची मोठी रांगोळी काढून बसले. शेजारच्या बाया येऊन कौतुक करून गेल्या. दुपारी आईने मोरी धुवायला काढली, आणि ते सगळे काळे पाणी अंगणातून माझ्या मोरावरून वाहत गेले. आई रागावली नाही. ‘पाण्याची वाट कुठून आहे ते आधी बघावं,’ एवढेच म्हणाली.

गावाचा मध्यभाग सुधारण्यासाठी सरकारचा पैसा येतो, तेव्हा मला तो मोर आठवतो.

आधी नांदेडचे सांगते. १७०८ साली गुरू गोविंदसिंहांनी याच गावी ग्रंथसाहिबाला गुरुपद दिले आणि देह ठेवला. त्या घटनेला २००८ च्या ऑक्टोबरात ३०० वर्षे झाली. त्याच्या आधी, २००५ च्या डिसेंबरात, केंद्र सरकारने जवाहरलाल नेहरूंच्या नावाने शहरांच्या पुनरुत्थानाची एक मोठी योजना काढली होती. तीत देशातली ६३ शहरे घेतली. महाराष्ट्रातली मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक आणि पाचवे आमचे नांदेड. औरंगाबादेला जे मिळाले नाही ते आम्हांला मिळाले, याचा त्या वेळी गावाला झालेला आनंद मी पाहिला आहे आणि त्यात मीही होते. २००१ च्या जनगणनेप्रमाणे सव्वाचार लाखांच्या वर वस्ती असलेल्या गावात शेकडो कोटी रुपये आले. रस्ते रुंद झाले, पूल झाले, गुरुद्वाऱ्याचा परिसर मोकळा झाला, घाट बांधले गेले, विमानतळ झाला. हे सर्व झाले नाही असे म्हणणारा कृतघ्न होय. ज्या रस्त्यावर सायकल आणि बैलगाडी एकमेकींना अडून राहत, त्या रस्त्यावरून आज रुग्णवाहिका सुटी जाते, आणि मी वयाने ज्या टप्प्यावर आहे तेथे रुग्णवाहिकेची किंमत मला कळते.

माझे भांडण पैसा आला याच्याशी नाही. तो कोणत्या क्रमाने खर्च झाला आणि मागे कोणाच्या गळ्यात काय अडकवून गेला, याच्याशी आहे.

आमच्या ओळखीचे एक कासार आहेत. लग्न होऊन आले तेव्हापासून माझ्या हातात त्यांच्याच घरच्या बांगड्या आहेत. रुंदीकरणात त्यांचे दहा फूट खोल दुकान चार फुटांचे झाले. त्यांनी कचेऱ्यांचे खेटे घातले, पण त्याची कहाणी ते सांगत नाहीत. ते निराळेच सांगतात. ‘रस्ता मोठा झाला, वहिनीबाई, पण आता गिऱ्हाईक थांबत नाही, नुसतं पुढं पळतं.’ नगररचनेवरच्या जाड पुस्तकांत जे कळायला प्रकरणे लागतात, ते या माणसाने चार फुटांच्या दुकानात उकिडवे बसून एका वाक्यात सांगितले. बाजारपेठ म्हणजे थांबण्याची जागा. बाई थांबते, भाव करते, शेजारच्या दुकानाकडे सहज पाहते आणि तेथेही चार पैसे सोडून जाते. बाजारपेठेचा हमरस्ता केला की गाडीवाल्याचा वेळ वाचतो, आणि तेवढाच धंदा दुकानदाराच्या हातून सुटतो. हा हिशेब कोणत्याही प्रकल्प अहवालात मांडलेला नसतो, कारण तो मांडायला कासाराला कोणी बोलावत नाही.

आता नदीकडे वळते. नांदेडला समुद्र नाही. पण ज्याला समुद्र नाही त्याला किनाऱ्याची हौस फार. मुंबईला जाऊन मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर बसून आलेला प्रत्येक पुढारी परतताना मनात एक कठडा घेऊन येतो. पुढे त्याला अहमदाबादची साबरमती दाखवतात. दोन्ही तीरांवर मैलोगणती सरळ भिंती, फरसबंदी, दिवे, मधे काठोकाठ पाणी. ते पाणी साबरमतीचे नसून कालव्याने आणलेल्या नर्मदेचे आहे, आणि काठावरच्या हजारो झोपड्यांतली माणसे शहराच्या कडेला नेऊन टाकली तेव्हा तो देखावा उभा राहिला, हे सहलीत सांगत नसावेत. आमच्या गोदावरीला नर्मदा कोण आणून देणार? विष्णुपुरीला बंधारा आहे, तेथून गाव पाणी पिते. त्याच्या खाली, गावाच्या काठाने, उन्हाळ्यात पात्रात जे उभे असते त्यात गावाचेच नाले उतरलेले असतात. जलपर्णी पसरली की लांबून हिरवळच वाटते. पाहुणे फोटोही काढतात.

आणि पावसाळ्यात नदी आपला हक्क सांगायला येते. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात जो पाऊस झाला तो अजून कोणी विसरलेले नाही. ‘पाण्याची वाट कुठून आहे,’ हा आईचा प्रश्न त्या वेळी अनेक घरांतून गुडघाभर पाण्यात उभे राहून विचारला गेला.

येथे मला एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण ती दिवाळीची आहे आणि नांदेडबाहेर फार थोड्यांना ठाऊक आहे. सचखंड गुरुद्वाऱ्यात रोज अंधाऱ्या पहाटे एक सेवेकरी गोदावरीवर जातो आणि घागर भरून पाणी आणतो. त्याला घागरियासिंग म्हणतात. त्या पाण्याने तख्ताचे स्नान होते. दिवाळीत तर एकटा घागरिया नव्हे, शेकडो माणसे घागरी घेऊन नदीवर जातात, वाजतगाजत पाणी आणतात, तख्त धुतात, जुनी शस्त्रे धुतात. मी शीख नाही. पण ती रांग रस्त्याने जाताना पाहिली की माझे हात आपोआप जोडले जातात. ज्या उत्सवासाठी गावात शेकडो कोटी आले त्या उत्सवाच्या मुळाशी जर एखादी वस्तू असेल, तर ती ही घागर आहे. आणि घागरीत भरायचे पाणी हीच त्या सर्व खर्चात मागे राहिलेली बाब आहे. घाटाला दगड बसला, घाटावर दिवे लागले, आणि नाले नदीतच राहिले.

त्याच गुरुद्वाऱ्याने खरे तर सरकारला एक धडा रोज मोफत देऊ केला आहे. तेथला संगमरवर रोज धुतला जातो. कोण धुते? कोणी दिल्लीहून आलेला व्यापारी, कोणी गावातली आजी. लंगरची भांडी रोज घासली जातात. बांधकामाला लागणारा पैसा एकदाच येतो, घासण्याला लागणारे हात रोज यावे लागतात, हे ज्याला उमगले त्याचीच वास्तू टिकते. सरकारी योजनेत हे उलटे आहे. १० लाखांच्या आतल्या गावांसाठी त्या योजनेचा हिशेब असा होता, की शंभरातले ८० रुपये केंद्राने द्यायचे, १० राज्याने आणि १० गावाने. ऐकायला किती गोड! पण बांधून झाल्यावर चालवण्याचा खर्च मात्र सर्वच्या सर्व गावाचा, लोकांकडून आकार घेऊन सात वर्षांत भरून काढायचा. म्हणजे जावयाला सासऱ्याने हत्ती दिला आणि चाऱ्याचे तेवढे तुझे तू बघ म्हणाला. त्यातही जावयाच्या खिशाची अवस्था पाहा. जकात गेली, तिच्या जागी आलेला स्थानिक संस्था कर २०१५ साली बहुतेक व्यापाऱ्यांना माफ झाला, २०१७ साली वस्तू व सेवा कर आला. गावाची पदराची गाठ सुटली आणि गाव दर महिन्याला वरून येणाऱ्या अनुदानाच्या वाटेकडे डोळे लावून बसले. घर चालवणाऱ्या कोणत्याही बाईला विचारा. ज्या महिन्यात दूधवाल्याचे द्यायला नसते, त्या महिन्यात ती झुंबर विकत घेत नाही, मग दुकानदार ८० टक्के सूट देवो की ९०.

माझा एक भाचा विलायतेत आहे. त्याच्या तोंडून मार्गेट या समुद्रकाठच्या गावाविषयी ऐकले. एके काळी लंडनची कुटुंबे तेथे सुटीला जात. पुढे लोक विमानाने स्पेनला जाऊ लागले आणि गाव ओस पडले. २०११ साली सार्वजनिक पैशातून तेथे एक मोठी कलादालनाची इमारत उभी राहिली. पाहुणे परत आले, जुन्या पेठेत उपाहारगृहे निघाली. पण लगतचा क्लिफ्टनविल भाग त्यानंतरही देशातल्या सर्वांत गरीब वस्त्यांच्या यादीतच राहिला. ‘मावशी, तिथंही रांगोळीच आधी काढली,’ असे तो म्हणाला. तेव्हा हा रोग मराठवाड्याचा नाही, आणि गरिबीचाही नाही.

आता माहेरचे. माहेरचे बोलताना जीभ जरा जड होते, पण बोलते.

लातूरची गंजगोलाई १९१७ सालची. निजामाच्या राज्यातले नगररचनाकार फैयाजुद्दीन यांनी ती आखली असे सांगतात. मध्ये अंबाबाईचे देऊळ, भोवती गोल इमारत, आणि तिला येऊन मिळणारे १६ रस्ते. एका रस्त्याला सोने, एकाला गूळ, एकाला मिरची, एकाला चपला. लहानपणी मी डोळे मिटून नुसत्या वासाने कोणत्या रस्त्यावर आहे ते सांगत असे (चपलांच्या रस्त्यावर कधी चुकले नाही). शंभरांहून अधिक वर्षे झाली, आणि ती अजून बाजारच आहे, स्मारक झालेली नाही. तिला सुंदर करण्यासाठी कोणी बांधले नव्हते. माल यावा, माल जावा, गिऱ्हाइकाला फिरता यावे यासाठी बांधले, आणि ती सुंदर निघाली. गोलाईच्या सुशोभीकरणाच्या गोष्टी मी परकर नेसत होते तेव्हापासून ऐकते आहे. दर वेळी कोणीतरी कारंजे सुचवतो.

कारंजे! २०१५ च्या भाऊबीजेला मी लातूरला गेले तेव्हा वहिनीने मला आंघोळीला अर्धी बादली पाणी दिले, आणि ते देताना तिची मान खाली होती. मी ओवाळायला बसले, पण त्या अर्ध्या बादलीचे ओझे ओवाळणीहून जड होते. पुढच्या मार्चात पाण्याच्या टाक्यांभोवती १४४ कलम लागले. १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून पाण्याची पहिली आगगाडी आली, १० वाघिणींत ५ लाख लिटर. मग ५० वाघिणींची गाडी येऊ लागली, २५ लाख लिटरची. २०११ च्या जनगणनेत लातूरची वस्ती ३ लाख ८३ हजारांच्या घरात होती. भागाकार करून पाहा, माणशी साडेसहा लिटर पडतात. रेल्वेचे आणि मिरजकरांचे उपकार लातूर विसरणार नाही. पण ज्या गावाच्या नळाला पाणी आणायला आगगाडी लागली, त्या गावाच्या पेठेत कारंजे सुचवणाऱ्याने आधी माझ्या वहिनीच्या समोर बसून ते सुचवावे.

यावर मला ठरलेले उत्तर मिळेल. ‘बाई, मराठवाड्याला आधीच काही मिळत नाही, मिळते त्यात खोड काढू नका.’ १९५३ च्या नागपूर कराराने आम्हांला न्याय्य वाटा कबूल केला, १९५६ साली आम्ही मुंबई राज्यात आलो, आणि १९८४ साली दांडेकर समितीने आमचा अनुशेष मोजून कागदावर मांडला. १९९४ साली विकास मंडळे आली, २०२० साली त्यांची मुदत संपली. हा सर्व पाढा मला पाठ आहे. परंतु ज्याला उशिरा आणि थोडे मिळते, त्यानेच ते जपून खर्चावे लागते, की उधळून? भुकेल्याच्या ताटात आधी विडा वाढला तर तो खोड काढणारच.

दुसरे म्हणणारे म्हणतील, लोकप्रतिनिधींना विचारा. विचारले असते. ७४ व्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून ३ लाखांवरच्या गावांत प्रभाग समित्या सांगितल्या आहेत, आणि माझी दोन्ही गावे ३ लाखांवरची. प्रत्यक्षात २०२२ साली दोन्ही महापालिकांच्या सभागृहांची मुदत संपली आणि पुढे काही वर्षे नगरसेवकच नव्हते, प्रशासक होते. प्रशासक कितीही सज्जन असो, तो बदलीच्या हुकमावर राहतो आणि कासार दुकानावर राहतो. कोणाचा शब्द खरा धरायचा?

म्हणून माझे मागणे साधे आहे. पुढच्या वेळी पेठेसाठी, घाटासाठी, गोलाईसाठी पैसा येईल, आणि तो येईलच, कारण कोणती ना कोणती शताब्दी जवळ येतच असते, तेव्हा त्यातला पहिला हप्ता जमिनीखाली जावा. नाले नदीत पडण्याआधी शुद्ध व्हावेत, नळाला पाणी यावे. दुसरा हप्ता बँकेत राहावा आणि त्याच्या व्याजावर झाडूवाल्याचा आणि दिवाबत्तीवाल्याचा पगार निघावा. ज्यांची दुकाने मागे सरणार त्यांना आराखडा आखतानाच खुर्ची द्यावी, नोटीस नंतर. मग उरेल त्यात दिवे लावा, दगड बसवा, कमानी उभारा. मला कमानी आवडतात. आणि काम झाले की नाही हे ठरवायला दिल्लीहून पाहणी पथक बोलावू नये. दिवाळीत नगीना घाटावर जावे, घागरी भरून निघालेल्या त्या रांगेत उभे राहावे, आणि एका घागरीत वाकून पाहावे.