दिवसा न दिसलेले वर्गमित्र

दहावीचा निकाल लागला की आपल्या वस्तीत दोन दिवस पेढ्यांचा सुकाळ असतो. नव्वद टक्केवाल्यांचे फोटो नाक्यावरच्या फलकावर झळकतात, मंडळातर्फे गुणवंतांचा सत्कार होतो. त्या सत्काराच्या खुर्च्या मांडणाऱ्यांत आम्हीही असतो आणि त्या मुलांचे कौतुक आम्हालाही आहेच. पण त्याच चाळीत एखाद्या घरचा मुलगा छत्तीस टक्क्यांनी काठावर पास झालेला असतो. त्याच्या घरचे लोक पेढा वाटावा की दार लावून बसावे, या विचारात असतात. म्हणून वाचकहो, यावेळी आमच्या सदरात गुणवंतांना सुट्टी देऊ आणि काठाकाठाने पोहत पैलतीर गाठणाऱ्या एका वर्गाची ओळख करून घेऊ. हा वर्ग आमचाच. मार्च १९९७ ची दहावी, आणि तीही रात्रशाळेची!

रात्रशाळा ही काही मुंबईची नवलाई नव्हे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी दिवसभर राबणाऱ्यांसाठी १८५५ सालीच पुण्यात रात्रशाळा काढली होती. आमची शाळा नायगाव-भोईवाड्याच्या बाजूला, दिवसाच्या शाळेच्या इमारतीत संध्याकाळी साडेसहाला भरायची आणि साडेनऊला सुटायची. इमारत उसनी, फळा उसना, बाकेही उसनी. बाके दिवसाच्या लहान मुलांच्या मापाची असल्याने आमचे गुडघे पाठ्यपुस्तकाच्या बरोबरीने बाकावर यायचे. शिकवणारे सर दिवसभर दुसऱ्या शाळेत घसा कोरडा करून रात्री आमच्याकडे येत. अशी दुहेरी नोकरी करणाऱ्या शिक्षकांना शासनाने २०१७ साली रात्रशाळांतून कमी केले. आमच्या वेळी मात्र सर आणि विद्यार्थी दोघेही दमलेले असत आणि त्यामुळे दोघांचे चांगले जमे.

वर्गातले सर्वांत ज्येष्ठ विद्यार्थी म्हणजे आबा. वय ३४, दोन मुलांचा बाप. गिरणीत बदली कामगार म्हणून चिकटले आणि वर्षाच्या आत १८ जानेवारी १९८२ चा संप सुरू झाला. त्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले होते. आबांची गिरणी सुटली ती सुटलीच. पुढे मस्जिद बंदरला माल उचलला, हातगाडी ओढली. "शिपायाच्या जागेलाही दहावी मागतात," म्हणून आबा आमच्या वर्गात येऊन बसले. त्यांची मुलगी तेव्हा चौथीत होती. बापलेक एकाच कंदिलाखाली, म्हणजे चाळीतल्या एकाच बल्बखाली, गृहपाठ करायचे आणि आबांचे पाढे मुलगी तपासायची. एकदा शाळा तपासायला एक साहेब आले. ते वर्गात शिरले आणि सरळ आबांना नमस्कार करून म्हणाले, "मुख्याध्यापक आपणच का?" आबा उभे राहिले आणि आमच्या पंचविशीतल्या सरांकडे बोट करून म्हणाले, "नाही साहेब, मी शिकायला आलोय. शिकवणारं पोरगं ते तिकडं आहे."

दुसरा आमचा 'कटिंग'. फोर्टातल्या एका कॅन्टीनमध्ये चहा पोचवायचा आणि रात्री तिथल्याच टेबलावर झोपायचा. पाच टेबलांची बिले आणि सतरा बाबूंची महिन्याची उधारी त्याला तोंडपाठ. कागदाला पेन लावल्याशिवाय बेरीज सांगायचा आणि ती चुकत नसे. बीजगणित मात्र त्याला अजिबात मानवले नाही. सरांनी फळ्यावर गणित लिहून 'एक्सची किंमत काढा' म्हटले की कटिंग हात वर करायचा. "सर, भाव ठरलेलाच नसेल तर माल घ्यायचा कशाला?" सरांकडे याला उत्तर नव्हते. खरे सांगायचे तर आम्ही पुढे बी.कॉम. झालो, तरी आमच्याकडेही नाही.

तिसरा 'खारी'. हा बेकरीत कामाला. पहाटे तीनला उठून भट्टी पेटवायची, म्हणजे रात्री आठला याचे डोळे मिटणार हे ठरलेलेच. त्याच्या अंगाला ताज्या पावाचा वास यायचा आणि भुकेल्या पोटी आलेल्या सगळ्या वर्गाचे भूमितीवरचे लक्ष उडायचे. हजेरीच्या वेळी तो झोपेतच 'हजर' म्हणायचा. अडचण एवढीच की एकदा सुरू झाला की तो पुढच्या तीन-चार नावांनाही 'हजर' म्हणून टाकायचा. त्यामुळे सिनेमाला गेलेली पोरे खारीच्या आसपासचाच हजेरी क्रमांक मिळावा म्हणून धडपडत. सरांनी त्याला कधी उठवले नाही. फक्त धडा महत्त्वाचा असला की आवाज जरा वाढवायचे.

'अध्यक्ष महोदय' हे रत्न निराळेच. वडाळ्याचा हा गडी जयंतीच्या सभांत भाषणे ऐकून वाढलेला. निबंधाचा विषय कोणताही असो, याची सुरुवात ठरलेली : 'सन्माननीय अध्यक्ष, व्यासपीठावरील मान्यवर आणि जमलेल्या माझ्या बंधू-भगिनींनो'. 'पावसाळ्यातील एक दिवस' हा निबंधही त्याने असाच सुरू केला. सरांनी खाली लाल शाईने लिहिले, 'पावसाळ्याला व्यासपीठ नसते. छत्री आणावी.' आज हा गृहस्थ चतुर्थ श्रेणी कर्मचाऱ्यांच्या युनियनचे काम करतो आणि भाषण पाच मिनिटांत आटोपतो. लाल शाईचा गुण म्हणायचा!

आणि आम्ही? आम्ही एका दुकानात हिशेबाच्या वह्या पुसायला आणि लिहायला होतो. वर्गाच्या चहाचा वर्गणीचा हिशेब आमच्याकडे असे, म्हणून सगळे आम्हाला 'मुनीमजी' म्हणत. आठ आण्यांचाही हिशेब मागितल्याशिवाय आम्ही सोडत नसू, असे हे लोक अजूनही सांगतात. त्यात अतिशयोक्ती असावी. चार आणे आम्ही सोडत होतो.

वर्गात मुली तिघीच. त्यातल्या एकीला सगळे 'ताई' म्हणत, वयाने लहान असलेलेही आणि मोठे असलेले आबाही. दिवसभर औषधांच्या कंपनीत गोळ्या पाकिटात भरायच्या आणि संध्याकाळी शाळा. रात्री साडेनऊला शाळा सुटली की चार मुले तिला घरापर्यंत सोडायला जात, असे त्या चार मुलांचे म्हणणे. ताईचे म्हणणे असे की, ही चार पोरे रस्ताभर अभ्यासाच्या शंका विचारत यायची, सोडत तर तीच होती त्यांना! वर्गात पहिला नंबर तिचाच. खारीला जागे ठेवण्याची कलाही तिलाच साधली होती. ती त्याला फक्त, "पाव जळतोय," एवढे म्हणायची.

रात्रशाळेची परीक्षा मात्र रात्री नसते. बोर्डाचा पेपर दिवसाच्या मुलांबरोबर, सकाळी अकराला. पहिल्या पेपरला आम्ही सारे केंद्राच्या फाटकापाशी जमलो आणि एकमेकांकडे बघतच राहिलो. सुट्टीचे वार सोडले तर आम्ही एकमेकांना ट्युबलाइटखालीच पाहिलेले. आबांचे केस इतके पांढरे आहेत हे तेव्हा कळले. कटिंग चक्क इस्त्रीचा सदरा घालून आला होता. आणि खारीला तर आम्ही ओळखलेच नाही, कारण त्याचे डोळे उघडे होते.

पण वाचकहो, हसण्यावारी नेण्यासारखी गोष्ट इथे संपते. अकराचा पेपर म्हणजे कामाचा खाडा. कटिंगने पहिल्या पेपराला आजी मारली, दुसऱ्याला दुसरी आजी, तिसऱ्याला मामा. चौथ्या दिवशी कॅन्टीनच्या मालकाने विचारले, "उद्या भूमिती आहे ना? मग उद्या कोण जाणार?" कटिंग रडायच्या बेतात आला. मालक म्हणाला, "आता कुणाला मारू नकोस. खाऊन जा आणि नीट लिही." सगळ्यांना असा मालक मिळत नाही. खारीला दोन खाड्यांनंतर कामावरून काढून टाकले. त्याने उरलेले पेपर बेकारीत दिले, आणि जागेपणी दिले. तो एकेचाळीस टक्क्यांनी पास झाला. आज सायकलवर पावाची स्वतःची लाईन टाकतो.

आमच्यात एक 'अ‍ॅटलास' होता, ट्रकवर क्लीनर. मुंबई ते नागपूर रस्त्यावरचे घाट, नद्या, धरणे त्याला तळहातासारखी माहीत. कसारा घाटात धुके किती वाजता उतरते हेसुद्धा सांगायचा. भूगोलाच्या पेपरच्या आदल्या रात्री मालकाने त्याला भाड्यावर पाठवले. सकाळी अकराला आम्ही नकाशा भरत होतो तेव्हा हा गडी त्या नकाशातच कुठेतरी होता. गुणपत्रिकेवर भूगोलापुढे 'गैरहजर'. तेव्हा फेरपरीक्षा ऑक्टोबरात असे. २०१५ पासून ती जुलैत होऊ लागली. ऑक्टोबरातही ट्रक भाड्यावरच होता. आज तो स्वतः ड्रायव्हर आहे. भेटला की अजून म्हणतो, "मुनीमजी, यंदा बसतो बघ."

आणि ताई? परीक्षा संपली आणि मे महिन्यात तिचे लग्न झाले. ती सातारा जिल्ह्यातल्या एका गावी नांदायला गेली. जूनमध्ये निकाल लागला तेव्हा वर्गात पहिली आलेली मुलगी गुणपत्रिका घ्यायला नव्हतीच. ती गुणपत्रिका शाळेच्या कपाटात पडून राहिली असती. आबांनी शाळेत खेटे घालून ती मिळवली, एसटीने गाव गाठले आणि सासरच्या माणसांसमोर तिच्या हातात दिली. जाताना पेढ्याचा पुडा न्यायला ते विसरले नाहीत. "सून पहिली आलीय तुमची, पेढे खा," म्हणाले. काही वर्षांनी गावात अंगणवाडी सेविकेची जागा निघाली. तेव्हा त्या जागेला दहावी पासची अट होती. आता ती बारावी झाली आहे. आबांनी पोचवलेला तो कागद ताईच्या ट्रंकेत होता. आज गावातली निम्मी पोरे तिच्या हाताखालून गेलेली आहेत.

आबा स्वतः अडतीस टक्क्यांनी पास झाले आणि पुढे एका ऑफिसात शिपाई म्हणून लागून निवृत्तही झाले. त्यांच्या मुलीने पदवी घेतली. बापाचे पाढे तपासल्याचे ती अजून चारचौघांत सांगते आणि आबा खोटे खोटे रागावतात.

आता सांगायचे ते एवढेच. गुणपत्रिकेवर विषय असतात, गुण असतात, पण त्या गुणांसाठी किती खाडे झाले, कुणाची नोकरी गेली, कोण पहाटे तीनला उठत होते, यासाठी रकाना नसतो. तेव्हा यंदा आपल्या चाळीत कुणी काठावर पास झाला असेल तर त्याच्या घरी जा. नापास झाला असेल तर आधी जा. त्याला फेरपरीक्षेला बसवा. आणि ज्यांची शाळा मध्येच सुटली, मग ती लग्नामुळे असो, पोटापायी असो की घरच्या आजारपणामुळे, त्यांना १७ नंबरचा अर्ज भरून खासगीरीत्या दहावीला बसता येते. हा अर्ज बोर्डाने जाहीर केलेल्या मुदतीत ऑनलाइन भरावा लागतो. शाळा सोडल्याचा मूळ दाखला, आधार कार्ड आणि फोटो लागतो. मूळ दाखला हरवला असेल तर दुय्यम प्रत आणि प्रतिज्ञापत्र चालते. आई चाळीस वर्षांची आहे म्हणून लाजू नये. आमच्या आबांना पंचविशीतल्या सरांपुढे बसायला लाज वाटली नव्हती.

अ‍ॅटलासला आम्ही परवाच फोन केला. पुढल्या रविवारी गाडी मुंबईत आहे म्हणाला. त्याला घेऊन सोमवारी चौकशीला शाळेत जायचे ठरले आहे. भूगोलाचा अभ्यास करून घ्यायला ताई फोनवर तयार आहे. चहाचा खर्च मात्र वर्गणीतून होईल आणि हिशेब आम्हीच ठेवू.